डॉ. इयान डोनाल्ड : गर्भस्थ बालकाचे दर्शन घडविणारे वैद्य

बीड जिल्ह्यातील एखाद्या वाडी-वस्तीवरील गर्भवती माता तपासणीसाठी तालुक्याच्या गावी जाते. तेथून तिला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविले जाते. सोनोग्राफीच्या अहवालात दोन गोष्टी एकत्र नोंदविलेल्या असतात : बाळाची वाढ महिन्यांच्या मानाने कमी आहे आणि गर्भजल प्रमाणापेक्षा जास्त आहे. घरातील मंडळींना ह्यातील फारसे काही उमगत नाही. पोट मोठे दिसते आहे, मग बाळ लहान कसे, असा साधा प्रश्न सासूबाई विचारतात. कोणी देवाची मर्जी म्हणून गप्प बसतो, तर कोणी मूल ठेवावे की नाही ह्याचा निर्णय त्याच संध्याकाळी घेऊन मोकळा होतो.

ह्या अहवालाचा अर्थ काय आणि तो हाती आल्यावर श्रद्धावंत कुटुंबाने कोणती वाट धरावी, हे समजून घेण्यासाठी ज्या माणसामुळे असा अहवाल मुळात शक्य झाला, त्याचे जीवन जाणून घेणे उद्बोधक ठरेल. ते होते ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इयान डोनाल्ड. आज जगभर कोट्यवधी माता ज्या तपासणीला सामोऱ्या जातात, तिचा पाया त्यांनी घातला. त्याच तपासणीचा उपयोग जीव नाकारण्यासाठी होऊ लागलेला पाहण्याचे दुःखही त्यांच्या वाट्याला आले.

पोरकेपण आणि शिक्षण

इयान डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील लिस्कर्ड ह्या गावी झाला. वडील आणि आजोबा दोघेही स्कॉटिश डॉक्टर होते, तर आई पियानोवादक होती. चार भावंडांत ते थोरले. वडिलांची प्रकृती बरी राहत नसल्याने हे कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले आणि इयान यांचे शालेय शिक्षण केपटाउन येथे पूर्ण झाले.

१९२७ साली ह्या घरावर मोठा आघात झाला. घटसर्पाची साथ घरात शिरली. त्या आजारपणातून आई उठली नाही आणि अवघ्या तीन महिन्यांत वडीलही गेले. सोळा-सतरा वर्षांचा इयान आणि त्याची धाकटी भावंडे पोरकी झाली. घरकाम पाहणाऱ्या बाईंनी त्या मुलांना सांभाळले. पुढील आयुष्यात अडलेल्या, घाबरलेल्या माणसांविषयी त्यांना जी कणव वाटत असे, तिचे मूळ कदाचित ह्या दिवसांत असावे.

वैद्यकाकडे वळण्यापूर्वी त्यांनी केपटाउनच्या विद्यापीठात भाषा व संगीत ह्या विषयांत पदवी मिळविली. त्यानंतर ते इंग्लंडला परतले आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेऊन १९३७ साली डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना चार मुली झाल्या.

युद्धाने दिलेली दृष्टी

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४६ ह्या काळात, डॉ. डोनाल्ड ब्रिटिश हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. अपघातग्रस्त होऊन पेटलेल्या एका विमानात बॉम्ब शिल्लक असतानाही त्यांनी आत शिरून वैमानिकांना बाहेर काढले. ह्या धाडसाबद्दल १९४६ साली त्यांचा शासकीय सन्मान झाला.

ह्याच काळात रडार आणि सोनार ह्या तंत्रांशी त्यांचा परिचय झाला. सोनारचे तत्त्व आपल्याला ओळखीचे आहे. डोंगरकड्यासमोर हाक मारली की प्रतिध्वनी परत येतो, आणि तो किती वेळाने आला ह्यावरून कडा किती लांब आहे हे कळते. पाण्याखाली ध्वनीचा झोत सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून शत्रूची पाणबुडी शोधली जात असे. युद्धात विनाशासाठी वापरलेली ही युक्ती पुढे मातेच्या उदरातील जीव पाहण्यासाठी वापरता येईल, ही कल्पना त्यांच्या मनात रुजली.

युद्धानंतर लंडनमध्ये त्यांनी नवजात बालकांच्या श्वसनविकारांवर काम केले. जन्मल्यावर श्वास न घेऊ शकणाऱ्या बाळांसाठी त्यांनी सहकाऱ्यांसह कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र तयार केले. यंत्रांचे त्यांना एवढे वेड होते की काही सहकारी त्यांना गमतीने वेडा डोनाल्ड म्हणत. १९५४ साली ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

कारखान्यातून रुग्णालयात

त्या काळी गर्भातील बाळ पाहण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे क्ष-किरण. त्यात हाडांखेरीज फारसे दिसत नसे. शिवाय १९५६ साली डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट यांनी गर्भावस्थेतील क्ष-किरण तपासणीचा बालपणीच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे दाखवून दिले. गर्भाला इजा न करता त्याला पाहता येईल, अशा साधनाची गरज होती.

ग्लासगो हे जहाजबांधणीचे आणि बॉयलरच्या कारखान्यांचे शहर. धातूच्या जाड पत्र्यात आत कोठे चीर आहे का, हे तेथील कारखाने श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राने तपासत असत. जुलै १९५५ मध्ये डॉ. डोनाल्ड दोन मोटारींच्या डिकीत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घालून रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स ह्या कारखान्यात पोहोचले. तुलनेसाठी कारखान्यातर्फे मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवण्यात आला होता. द्रवाने भरलेल्या गाठीचा प्रतिध्वनी वेगळा आणि घट्ट मांसल गाठीचा वेगळा, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

ह्यानंतर टॉम ब्राउन हा केल्विन अँड ह्यूज कंपनीचा तरुण अभियंता त्यांना येऊन मिळाला. कोणी प्राध्यापक धातूतील दोष शोधणारे यंत्र माणसांवर वापरतो आहे, हे त्याच्या कानावर आले आणि त्याने थेट त्यांना दूरध्वनी केला. डॉ. जॉन मॅकव्हिकार हे तिसरे सहकारी. पहिल्या यंत्राच्या उभारणीत रुग्णालयातील खाटेवरचे जेवणाचे टेबलही उपयोगी पडले. सुरुवातीला अनेकांनी ह्या खटाटोपाची थट्टा केली.

ती थट्टा एका रुग्णामुळे थांबली. एका स्त्रीचे पोट फार फुगले होते. तिला जठराचा असाध्य कर्करोग आहे आणि पोटात पाणी झाले आहे, असे निदान झाले होते. डॉ. डोनाल्ड यांनी तपासले तेव्हा यंत्राने निराळेच सांगितले : हे पोटात पसरलेले पाणी नसून अंडाशयाची पाण्याने भरलेली मोठी गाठ आहे. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, स्त्री बरी झाली. ७ जून १९५८ रोजी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात ह्या तिघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि प्रसूतिशास्त्राचे एक नवे पर्व सुरू झाले.

बाळाचे मोजमाप

गर्भाशय हे ह्या तपासणीसाठी जणू सोयीचेच ठिकाण. बाळ पाण्यात असते आणि पाण्यातून ध्वनी सहज जातो. बाळाच्या डोक्याचा प्रतिध्वनी विशेष स्पष्ट येतो, हे डॉ. डोनाल्ड यांच्या ध्यानात आले. डोक्याची रुंदी मोजता येऊ लागली आणि ते मोजमाप आठवड्यागणिक वाढते की नाही हेही कळू लागले. १९६३ च्या सुमारास आणखी एक साधी गोष्ट त्यांना सापडली. मातेचे मूत्राशय भरलेले असेल तर त्यातून अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतील गर्भही दिसतो. सोनोग्राफीपूर्वी आजही कधी कधी भरपूर पाणी पिण्यास सांगितले जाते, त्याचे मूळ येथे आहे.

जानेवारी १९६४ मध्ये ग्लासगोत क्वीन मदर्स हे प्रसूति रुग्णालय सुरू झाले. त्याच्या आखणीत डॉ. डोनाल्ड यांचा मोठा वाटा होता. तेथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पिढीने हे शास्त्र पुढे नेले. ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली पहिल्या तिमाहीत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून गर्भाचे वय ठरविण्याची पद्धत मांडली. स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी १९७५ साली पोटाच्या घेराचे महत्त्व दाखविले. बाळाला वारेतून पोषण कमी पडले की शरीर मेंदूला आधी जपते, त्यामुळे डोके वाढत राहते आणि पोट मात्र बारीक राहते. म्हणून वाढीचा अंदाज केवळ डोक्यावरून बांधता येत नाही.

त्या अहवालाचा अर्थ

आता आरंभी सांगितलेल्या अहवालाकडे वळू या. गर्भातील बाळ गर्भजल गिळते आणि लघवीवाटे ते परत सोडते. ह्या येण्याजाण्यातून पाण्याचे प्रमाण राखले जाते. आठव्या महिन्याच्या सुमारास ते साधारण ८०० मिलिलिटर असते. पाण्याचा सर्वांत खोल कप्पा ८ सेंटिमीटर किंवा अधिक भरला, अथवा चार भागांतील खोलींची बेरीज २५ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्यापुढे गेली, तर पाणी जास्त आहे असे डॉक्टर म्हणतात. मातेचा मधुमेह हे त्याचे एक नेहमीचे कारण. बाळाची अन्ननलिका किंवा आतडे बंद असणे, त्याला गिळता न येणे हीही कारणे असतात. पाणी थोडेसेच जास्त असेल, तर पुष्कळदा कोणतेच कारण सापडत नाही आणि बाळ सुखरूप जन्माला येते.

वाढ खुंटलेल्या बाळाभोवती मात्र सहसा पाणी कमी असते, कारण वारेतून रक्तपुरवठा कमी पडला की बाळाच्या मूत्रपिंडांकडेही रक्त कमी जाते. म्हणूनच बाळ लहान आणि पाणी जास्त, ही जोडी डॉक्टरांना विचारात पाडते. दोष वारेत नसून बाळाच्याच जडणघडणीत असू शकेल, अशी शंका येते. १९६० साली इंग्लंडमधील डॉ. जॉन एडवर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेली, अठराव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असण्याची स्थिती ही त्यांपैकी एक. अशी बहुतेक बालके जन्मापूर्वी अथवा पहिल्या वर्षातच जातात. थोडी अधिक काळ जगतात.

परंतु शंका म्हणजे निदान नव्हे. अशा वेळी सविस्तर सोनोग्राफी, बाळाच्या हृदयाची तपासणी, मातेची साखर व संसर्गाच्या चाचण्या आणि गरज पडल्यास गर्भजलाच्या नमुन्यावरून गुणसूत्रांची तपासणी करावी लागते. ह्या शेवटच्या तपासणीत गर्भपाताचा थोडा धोका असतो, म्हणून तिचा उपयोग काय होणार हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. जास्त पाण्यामुळे मुदतीपूर्वी कळा सुरू होणे, पाणी एकाएकी फुटून नाळ बाहेर येणे, प्रसूतीनंतर अधिक रक्तस्राव होणे असे धोके असतात. ते आधी माहीत असतील, तर प्रसूती योग्य रुग्णालयात करता येते. अन्ननलिकेचा दोष जन्माआधी कळला, तर बाळाला दूध पाजण्यापूर्वीच शल्यचिकित्सक तयार राहू शकतात. निदान हे बाळाला वाचविण्याचे साधन ठरते ते असे.

दुधारी साधन

डॉ. डोनाल्ड हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. ते कॅथोलिक नव्हते, अँग्लिकन परंपरेतील होते. १९६७ साली ब्रिटनमध्ये गर्भपाताचा कायदा सैल झाला तेव्हा त्यांनी त्याला जाहीर विरोध केला. प्रत्येक मुद्द्यावर त्यांचे मत कॅथोलिक शिकवणीशी जुळत होते असे नाही. काही अपवादात्मक वैद्यकीय कारणे ते मान्य करीत. परंतु सोयीसाठी गर्भ काढून टाकणे त्यांना असह्य होते. गर्भपातासाठी आलेल्या स्त्रियांना ते पडद्यावर हालणारे बाळ दाखवीत. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. दुःखी स्त्रीवर असा भार टाकणे योग्य का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे.

नियती अशी, की त्यांच्याच साधनाने उलटी दिशा धरली. १९७२ साली कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी सतराव्या आठवड्यात मेंदू व कवटी न घडलेल्या गर्भाचे निदान केले आणि ती गर्भावस्था तेथेच थांबविण्यात आली. पुढे निदान म्हणजे गर्भपाताची पहिली पायरी, असे समीकरण अनेक देशांत रूढ झाले. एकविसाव्या क्रमांकाचे जादा गुणसूत्र १९५९ साली जगापुढे आणणाऱ्या संशोधकांपैकी एक असलेले फ्रान्सचे कॅथोलिक डॉक्टर जेरोम लेज्यून यांच्याही वाट्याला हेच दुःख आले. उपचाराच्या आशेने केलेला शोध त्या बालकांना शोधून नाहीसे करण्यासाठी वापरला गेला. २०२१ साली ख्रिस्तसभेने लेज्यून यांना वंदनीय घोषित केले.

आपल्या देशात ह्या साधनाने आणखी एक भयंकर रूप घेतले. येथे बाळात दोष शोधण्याआधी ते मुलगी आहे का, हे शोधले गेले. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम ह्याविरुद्ध कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. तरीही बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती, ती २०११ मध्ये ८०७ वर आली. त्या वर्षी राज्याचे प्रमाणही ८९४ पर्यंत घसरले होते, पण बीड सर्वांत तळाशी होता. २०१२ साली परळी येथे गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि तेथील काळा व्यवहार उघडकीस आला. २०१९ साली बीडच्या न्यायालयाने त्या प्रकरणात डॉक्टर दांपत्यासह त्या स्त्रीच्या पतीलाही दहा वर्षांची शिक्षा सुनावली. गुन्हा केवळ दवाखान्यात घडत नाही, त्याची सुरुवात घरात होते, हे त्या निकालाने दाखवून दिले.

आपल्या घरी, आपल्या धर्मग्रामात

ज्या वर्षी डॉ. डोनाल्ड यांचे निधन झाले, त्याच १९८७ साली ख्रिस्तसभेने ‘दोनुम व्हिते’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. गर्भजल तपासणी वा सोनोग्राफी ख्रिस्तसभेला अमान्य आहे, हा आपल्यातील काहींचा समज चुकीचा आहे. माता आणि बालक ह्यांच्या जीवनाचा आदर राखून, त्यांच्या रक्षणासाठी वा उपचारासाठी केलेले निदान नैतिकदृष्ट्या योग्य आहे. दोष आढळल्यास गर्भ काढून टाकायचा, हे आधीच ठरवून केलेले निदान मात्र योग्य नाही. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘एव्हान्जेलियुम व्हिते’ ह्या विश्वपत्रात हीच शिकवण अधिक विस्ताराने मांडली. देशाचा कायदा काय परवानगी देतो, हा एक प्रश्न. आपली सद्सद्विवेकबुद्धी काय सांगते, हा दुसरा.

बीडमधून हजारो कुटुंबे ऑक्टोबरच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. उचल घेतलेली असते आणि नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून गर्भवती स्त्रीही फडात उभी राहते. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी राहून जाते. ती राहिली की गर्भाचे वय नक्की कळत नाही, आणि वय ठाऊक नसेल तर वाढ कमी आहे की दिवसच कमी भरले आहेत, हे पुढे सांगणे अवघड होते. तेव्हा गाडी निघण्यापूर्वी तपासणी होईल, मातेचे कार्ड व अहवाल बरोबर नेले जातील आणि कारखान्याच्या गावी तिला दवाखाना दाखविला जाईल, एवढे तरी आपल्या महिला मंडळाने पाहावे. त्यासाठी आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्याशी आपला परिचय हवा.

आणि निदान खरोखरच वाईट निघाले, बाळ जगण्यासारखे नसले, तर? अशा मातेला उपदेशाची घाई नको. तिने केलेल्या कोणत्याही पापाची ही शिक्षा नव्हे, हे तिला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. डॉक्टरांकडे तिच्याबरोबर कोणीतरी जावे, प्रसूतीच्या वेळी जवळ असावे. बाळ काही तासच जगणार असेल, तर त्याला ऊब मिळावी, वेदना होऊ नयेत, आईच्या कुशीत राहता यावे. प्राण जाण्याचा धोका असताना कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे प्रत्येक ख्रिस्ती घराला ठाऊक असावे. त्या बाळाला नाव असावे आणि त्याच्या दफनाला माणसे असावीत. आणि ज्या कुटुंबाने भीतीपोटी वेगळा निर्णय घेतला असेल, त्यांच्यासाठीही धर्मगुरूचे दार आणि प्रायश्चित्त संस्काराची दया खुली आहे.

अखेर

डॉ. डोनाल्ड यांना स्वतःला हृदयाच्या झडपेचा विकार होता. त्यांच्यावर तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. त्या सोशीतही त्यांनी आपले काम चालू ठेवले. स्वतःचा देह केव्हा साथ सोडील ह्याचा भरवसा नसलेल्या ह्या माणसाने अशक्त जिवांची बाजू सोडली नाही. १९७६ साली ते निवृत्त झाले. संगीत, चित्रकला आणि शिडाची होडी हे त्यांचे विरंगुळे होते. १९ जून १९८७ रोजी इंग्लंडमधील पॅगल्शम ह्या खेड्यात त्यांनी देह ठेवला आणि तेथील सेंट पीटर चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली.

एलिझाबेथच्या उदरातील योहानाने मरियेच्या अभिवादनाला आनंदाने उडी मारली, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. मातांना बाळाची उडी नेहमीच जाणवत आली होती. डॉ. डोनाल्ड यांच्यानंतर ती इतरांनाही डोळ्यांनी दिसू लागली. दिसल्यानंतर त्या बाळाचे काय करायचे, ते यंत्र ठरवीत नाही. ते अहवाल हाती घेतलेल्या घराने ठरवायचे असते, आणि त्या घराला एकटे पडू न देणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.